कॅराव्हॅनला बाहेरची वीज जोडली आणि गडबड सुरू झाली? दोष गाडीत आहे की भिंतीतल्या सॉकेटमध्ये, हे असं ओळखा

कास पठार बघून निघालेली कॅराव्हॅन संध्याकाळी बामणोलीच्या बाजूला एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात मुक्कामाला थांबते. मालक व्हरांड्यातलं सॉकेट दाखवतात, केबल जोडली जाते, एसी सुरू होतो आणि दहा मिनिटांत बंद पडतो. कधी एमसीबी पडतो. कधी चार्जर ‘लो व्होल्टेज’ दाखवून थांबतो. कधी सगळं व्यवस्थित चालतं, पण ओल्या पायाने गाडीत चढताना दाराच्या हँडलला हात लागला की झिणझिण्या येतात.

गाडी नवी, वायरिंग नवं, मग दोष कुठे? सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरताना या प्रश्नाचं उत्तर अनेकदा गाडीच्या बाहेरच सापडतं: सॉकेटमध्ये, केबलमध्ये, नाहीतर डीपीपासून येणाऱ्या लाईनमध्ये. वर दिलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन त्रासदायक आहेत. तिसरी जीवघेणी आहे, आणि लोक दुर्लक्ष करतात ते नेमकं तिच्याकडेच, कारण तिच्यात काहीच बंद पडत नाही.

शोअर पॉवर म्हणजे काय?

हा शब्द जहाजांवरून आला. जहाज बंदराला लागलं की स्वतःचा जनरेटर बंद करतं आणि धक्क्यावरून केबलने वीज घेतं. ती किनाऱ्यावरची वीज, म्हणजे शोअर पॉवर. मोटारहोम किंवा कॅराव्हॅन मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज घेते, तिलाही हेच नाव पडलं.

कॅराव्हॅनमध्ये विजेचे दोन वेगळे संसार असतात. एक १२ व्होल्टचा, बॅटरीवरचा: दिवे, पाण्याचा पंप, पंखा, मोबाइल चार्जिंग. दुसरा घरातल्यासारखा २३० व्होल्टचा: एसी, गिझर, इंडक्शन. बाहेरची वीज आधी गाडीच्या अंगावर बसवलेल्या इनलेटमध्ये येते, तिथून आरसीसीबी आणि एमसीबीमधून पुढे जाते. एक फाटा बॅटरीच्या चार्जरला जातो, बाकीचे मोठ्या उपकरणांना.

इथेच पहिला गोंधळ होतो. केबल जोडली, आत दिवे लागले, म्हणजे वीज आली असं वाटतं. पण ते दिवे बॅटरीवर आहेत, केबल न जोडताही लागले असते. इन्व्हर्टर चालू असेल तर आतलं २३० व्होल्टचं सॉकेटसुद्धा बॅटरीवरच चालत असतं. त्यामुळे तपासणीची सुरुवात इन्व्हर्टर बंद करून करायची. मग एसी किंवा गिझर लागतो का ते बघायचं. सकाळी ‘रात्रभर लावूनही बॅटरी उतरलीच कशी’ असा प्रश्न पडतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरची वीज आतपर्यंत पोहोचलेलीच नसते.

युरोपातल्या कॅम्पसाइटवर कॅराव्हॅनसाठी वेगळा खांब असतो आणि त्यावर निळं, झाकण असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट असतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना मांडली. पण वाई, तापोळा, चांदोली किंवा तासगावच्या द्राक्षमळ्यात मुक्काम केला तर बहुधा वाट्याला येतं ते भिंतीवरचं साधं थ्री-पिन सॉकेट. ते फ्रिजसाठी बसवलेलं असतं, नाहीतर बोअरच्या मोटरसाठी. त्याच्यामागे काय आहे हे मालकालाही माहीत असेलच असं नाही.

गाडी नंतर, आधी सॉकेट

केबल लावण्याआधी दोन मिनिटं सॉकेटसाठी द्यायची. साध्या पेनासारख्या टेस्टरवर यात भिस्त ठेवू नका. तो फक्त फेज आहे का एवढंच सांगतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर झकास पेटतो. ‘टेस्टर पेटतोय, पण काहीच चालत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ऑनलाइन किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो खोचला की फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागेवर आहेत का ते दिव्यांच्या क्रमावरून कळतं. मल्टीमीटर वापरता येत असेल तर आणखी चांगलं. एसी व्होल्टेजच्या खुणेवर ठेवून तीन मोजमापं घ्यायची: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थिंग आणि न्यूट्रल ते अर्थिंग. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की अर्थिंगचं मोठं भोक वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवा.

पहिली दोन मोजमापं साधारण सारखी, २१० ते २५० च्या दरम्यान, आणि तिसरं शून्य ते दोन-तीन व्होल्ट आलं तर जोडणी सरळ आहे. फेज-न्यूट्रल २३० आहे, पण फेज-अर्थिंगला ६०, ९०, ११० असे हलते आकडे दिसत असतील तर अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नाही. फेज-न्यूट्रल शून्य आणि फेज-अर्थिंग २३० आलं तर न्यूट्रल तुटला आहे. न्यूट्रल-अर्थिंगलाच २३० दिसलं तर फेज आणि न्यूट्रल उलटे लागले आहेत. उलट्या जोडणीत उपकरणं चालतात, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. पण गाडीतला एमसीबी एका पोलचा असेल तर तो पाडल्यावर न्यूट्रल तुटतो आणि फेज उपकरणापर्यंत तसाच जिवंत राहतो. कॅराव्हॅनचा मेन दोन पोलचा हवा, तो यासाठीच.

आता एक मेख. मल्टीमीटरने फेज-अर्थिंग २३० दाखवलं म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या, जेमतेम टेकलेल्या तारेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तीन दिव्यांच्या टेस्टरचंही तेच. ‘अर्थिंग नाही’ हे ही साधनं खात्रीने सांगतात. ‘अर्थिंग पुरेसं आहे’ हे त्यांना सांगता येत नाही. जुने वायरमन फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघतात. बल्ब मंद पेटला तर अर्थिंग कच्चं. पद्धत समजूतदार आहे, पण अर्थिंगची तार पुढे तुटलेली असेल तर त्या क्षणी घरातल्या फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्यांच्या अंगावर फेज येऊ शकतो. हा प्रयोग पाहुण्याने करायचा नाही.

अर्थिंग: जांभ्यात, मुरुमात आणि काळ्या मातीत

गावाकडच्या घराचं अर्थिंग अनेकदा त्या घराने स्वतःच खड्डा खणून केलेलं असतं. पाइप किंवा पट्टी पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, वरून पाणी घालत राहायचं. ते किती चांगलं काम करेल हे जमिनीवर ठरतं, आणि या दोन जिल्ह्यांत जमीन दर तासाभराच्या प्रवासाला बदलते.

कृष्णाकाठची काळी माती ओल धरते. वाळवा, पलूस, मिरजेकडे नीट केलेलं अर्थिंग बराच काळ टिकतं. कास, पाचगणी, महाबळेश्वरच्या पठारांवर मातीचा थर पातळ आणि खाली जांभा किंवा काळा कातळ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो वाहून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन पर्यटनाच्या दिवसांत, तोच खड्डा कोरडा ठणठणीत असतो. पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे कोरडा मुरूम. तिथे वर्षातले बरेच महिने अर्थिंगच्या खड्ड्याला कुणी पाणी घातलं नसेल तर तो असून नसल्यासारखा.

याचा गाडीशी संबंध काय? कॅराव्हॅन रबरी टायरवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. तिचा पत्रा आणि चासी जमिनीशी जोडणारी एकच गोष्ट असते: केबलमधली हिरवी तार. ती तार सॉकेटमागे कुठेच जात नसेल तर गाडीचा अख्खा सांगाडा अधांतरी राहतो. चार्जर, एसी, लॅपटॉपचा ॲडॉप्टर यांच्या आत आवाज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडासा करंट पत्र्यावर येतो. मीटरने मोजलं तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात. ताकद फार कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. अनेक जण ‘थोडं करंट मारतंय’ म्हणून चप्पल घालतात आणि विषय सोडून देतात.

पण त्या झिणझिण्यांचा अर्थ असा, की गाडीला अर्थिंग नाही. अशा वेळी गिझरचं एलिमेंट फुटलं किंवा एखाद्या तारेचं आवरण पत्र्याच्या कडेला घासून निघालं, तर तोच पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर जातो. एसी चालूच राहतो, दिवे चालूच राहतात. गाडीत असलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या आजूबाजूचं सगळं एकाच व्होल्टेजवर असतं. शॉक बसतो तो बाहेरून, ओल्या गवतावर उभं राहून दार उघडणाऱ्याला. बहुतेक वेळा ती व्यक्ती म्हणजे खेळून परत आलेलं मूल.

‘मग आपणच एक सळई ठोकू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचं गणित बघा. पठारावर हातोडीने फूट-दीड फूट गेलेल्या सळईचा रोध ५० ओहम धरला, आणि हा उदार अंदाज आहे, तर २३० व्होल्टचा दोष झाल्यावर जमिनीत जाणारा करंट ४.६ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. तो पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. एमसीबी तार वाचवण्यासाठी असतो. माणूस वाचवतो तो आरसीसीबी. जाणारा आणि येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात तोडतो, आणि ५० ओहमच्या सळईवरही त्याला हवा त्याच्या कितीतरी पट करंट मिळतो. सळई आणि आरसीसीबी ही जोडी चालते. नुसती सळई समाधानापुरती.

आरसीसीबी असूनही अर्थिंग नसेल तर? मग गळती होऊनही करंटला जायला वाट नसते, त्यामुळे तो पडत नाही. कुणीतरी पत्र्याला हात लावल्यावर, म्हणजे माणसाच्या अंगातून वाट मिळाल्यावर, तो पडतो. बहुतेकदा जीव वाचतो. पण तोपर्यंत थांबायचं कशाला? झिणझिण्या जाणवल्या की सॉकेटचा स्विच बंद करून पिन काढायची आणि त्या रात्री बॅटरीवर राहायचं. दुसरा उपाय शोधत बसू नका.

व्होल्टेज कमी: दोष लाईनचा की केबलचा?

सांगली जिल्ह्याच्या मळ्यांमध्ये आणि साताऱ्याच्या डोंगरवाड्यांमध्ये ही तक्रार हमखास येते. बामणोली ज्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आहे, त्याच पाण्यावर कोयनेचा १,९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प चालतो. पण काठावरच्या वाडीला वीज येते ती इतर कुठल्याही वाडीसारखीच, डोंगरातून फिरलेल्या लांब लाईनच्या टोकाला.

मळ्यात घड्याळ महत्त्वाचं. शेतीपंपांना तीन फेजची वीज साधारण आठ तास मिळते, अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. गावठाणाचा फीडर वेगळा असला तरी रानातली वस्ती बऱ्याचदा शेतीच्या लाईनवर असते. म्हणून संध्याकाळी २२५ दाखवणारं सॉकेट रात्री दहाला पंप सुरू झाल्यावर १८० वर येऊ शकतं. काही जण दोन फेजवर मोटर चालवण्यासाठी कपॅसिटर लावतात, त्याने लाईन आणखी बिघडते. मुक्कामाला पोहोचल्यावर मालकांना एवढंच विचारा: ‘आज मोटरीची लाईट कधी येते?’ हे उत्तर मल्टीमीटरच्या आकड्यांइतकंच उपयोगी असतं.

व्होल्टेज लाईनवरच कमी आहे की वाटेत पडतंय, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. गाडीच्या आतल्या सॉकेटवर आधी काहीही न चालवता मोजा, मग १,५०० वॅटची किटली लावून मोजा. दोन्ही वेळा १८५ च्या आसपास आलं तर लाईनच कमी आहे, तुमच्या हातात काही नाही. आधी २२८ आणि किटलीनंतर १९० आलं तर मधल्या रस्त्यात कुठेतरी सुमारे २०० वॅट उष्णता तयार होतेय. ती सैल स्क्रूवर असेल, काळ्या पडलेल्या पिनवर असेल किंवा बारीक केबलमध्ये. आता भिंतीतल्या सॉकेटवर तसंच मोजा. तिथे व्होल्टेज टिकत असेल तर दोष केबलचा, तिथेही पडत असेल तर घराच्या वायरिंगचा किंवा लाईनचा.

केबलचं गणित लोकांना अविश्वसनीय वाटतं. ०.७५ चौरस मिलिमीटरची तार असलेलं साधं एक्स्टेंशन ३० मीटर लांब असेल आणि त्यातून १३ अँपिअर जात असतील तर सुमारे २० व्होल्ट वाटेतच जातात, आणि जवळपास २६० वॅट उष्णता केबलमध्ये निघते. तेच २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये सहा व्होल्टच्या आत भागतं. त्यात एक्स्टेंशन रिळावर गुंडाळलेलं असेल तर उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते आणि आवरण वितळून तारा एकमेकींना चिकटतात. केबल २.५ ची, तीन तारांची, बाहेर वापरायच्या दर्जाची घ्या आणि वापरताना रीळ पूर्ण उलगडा.

व्होल्टेज कमी असताना एसी खेचू नका. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर १८० च्या खाली सुरूच होत नाही, नुसता गुरगुरतो, भरमसाट करंट घेतो आणि तापून बंद पडतो. स्टॅबिलायझर लावला की प्रश्न सुटला असंही नाही. १८० चे २२० करताना तो लाईनमधून तेवढाच जास्त करंट ओढतो. आधीच सैल असलेला जोड त्यामुळे आणखी तापतो.

दिवे अचानक लख्ख झाले तर धावा

कमी व्होल्टेजपेक्षा महाग पडतं ते जास्त व्होल्टेज. डीपीपासून येणाऱ्या लाईनचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर तीन फेजवरच्या घरांमध्ये वीज भलतीच वाटली जाते. एका घरात दिवे मिणमिणतात, शेजारी ट्यूब डोळे दिपवते. ज्या घराच्या वाट्याला जास्त येतं, तिथे २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्टसुद्धा येऊ शकतात. चार्जर, इन्व्हर्टर, एसीचं कार्ड काही सेकंदांत जातं. पावसाळ्यात जंगलातून जाणाऱ्या लाईनवर फांदी पडली की हे घडू शकतं, आणि वळवाच्या वाऱ्यातही.

एक उपकरण चालू केलं की दुसरा दिवा मंद होण्याऐवजी प्रखर होतो, ही याची खूण. ते दिसताच गाडीचा मेन बंद करा, केबल काढा आणि मालकांनाही मेन बंद करायला सांगा. मग महावितरणकडे तक्रार: १९१२ हा विजेच्या तक्रारींचा क्रमांक आहे. याच कारणाने गाडीच्या इनलेटनंतर लगेच ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यावा. त्याची किंमत एसीच्या एका कार्डापेक्षा कमी असते.

मोटरीच्या पेटीतून वीज नको

विहिरीजवळ गाडी लावली की कुणीतरी आपुलकीने म्हणतं, ‘घ्या की स्टार्टरच्या पेटीतून, कोण बघतंय.’ नको म्हणा. कृषिपंपाच्या पेटीत तीन फेज असतात, न्यूट्रल अनेकदा नसतोच. दोन फेज धरले तर गाडीला ४०० व्होल्टच्या वर मिळतात. एक फेज आणि अर्थिंगची तार धरून बल्ब लावायची जुनी सवय आहे, पण त्यात अर्थिंगचं काम न्यूट्रलला दिलं जातं. गाडीचा दहा-बारा अँपिअर करंट त्या सळईतून जमिनीत जाऊ लागला की सळई, पेटी आणि मोटरचा पाइप सगळ्यांवर व्होल्टेज चढतं. पहाटे ओल्या रानात मोटर चालू करायला येणाऱ्याने काय बिघडवलंय?

शिवाय ते बेकायदा आहे. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. दुप्पट दराने बिल येतं, आणि ते येतं शेतकऱ्याच्या नावावर. पाहुणा तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.

एमसीबी पडतो आणि आरसीसीबी पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी

एमसीबी थोड्या वेळाने पडत असेल तर भार जास्त आहे. एसी १,५०० वॅट, गिझर २,०००, चार्जर ६००, बेरीज ४,१००, म्हणजे जवळपास १८ अँपिअर. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी हा भार जास्त आहे. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर १,३०० वॅटच्या पुढे जाऊच नये, त्यावर ‘कन्व्हर्टर पिन’ लावून मोठी पिन खोचणं हा तर आगीला दिलेला आहेर. आणि सॉकेट १६ चं दिसलं तरी मागे तार दिव्यांची असू शकते. अर्ध्या तासाने स्विच बंद करून पिनला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर ते सॉकेट सोडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठी बुडालेल्या तळमजल्यांमधली जुनी सॉकेटं वरून स्वच्छ दिसली तरी आत पट्ट्या गंजलेल्या असू शकतात.

एमसीबी लावता क्षणी पडत असेल तर शॉर्ट सर्किट. पुन्हा पुन्हा वर करत बसू नका.

आरसीसीबी पडणं हे गळतीचं लक्षण. गाडीतले सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याला पडेल त्याच्या पुढचं उपकरण दोषी. गिझरचं एलिमेंट आणि पावसात ओलं झालेलं बाहेरचं सॉकेट हे नेहमीचे संशयित. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल तर लोक चक्रावतात. एका पोलचे एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल आणि अर्थिंग आत कुठे चिकटले असतील तर एमसीबी खाली असले तरी गळती चालूच राहते. अशा वेळी उपकरणांच्या पिनाच काढाव्या लागतात. त्यानंतरही पडला तर इन्व्हर्टर बघायचा. काही इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना न्यूट्रल आणि अर्थिंग आतून जोडतात आणि बाहेरची वीज आल्यावर ती जोडणी सोडायला हवी. ती सुटली नाही तर घरमालकाच्या बोर्डावरचा आरसीसीबी तुमची गाडी जोडताच पडतो. मालक म्हणतात गाडीत दोष आहे, आणि या एका बाबतीत ते बरोबर असतात.

केबल जोडताच इन्व्हर्टरमधून धूर आला तर चेंजओव्हर चुकला आहे: बाहेरची वीज इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जाऊन आदळली. इथल्या गॅरेजात सजवलेल्या गाड्यांमध्ये हे तपासून घ्यायलाच हवं. दोन पुरवठे एकाच वेळी जोडले जाणार नाहीत असा इंटरलॉक असलेला चेंजओव्हर ही चैन नव्हे. त्याच गाड्यांमध्ये कधीकधी इनलेटऐवजी साधं सॉकेट बसवून दोन्ही टोकांना पिन असलेली केबल वापरतात. एक टोक भिंतीत आणि दुसरं हातात, म्हणजे हातात उघडा फेज. अशी केबल कापून टाका.

बॅटरी चार्ज होत नसेल तर

एसी चालतो, पण बॅटरी भरत नाही, याची कारणं साधी असतात. चार्जरचा वेगळा एमसीबी खाली आहे, किंवा कमी व्होल्टेजमुळे चार्जरने स्वतःला बंद केलंय. लॉजच्या जनरेटरवर किंवा स्वस्त इन्व्हर्टरवर गाडी जोडली असेल तर वीज नीट साइन वेव्ह नसते. चार्जर गुणगुणतो, तापतो, कधी नाकारतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अनेकदा जमिनीशी जोडलेला नसतो, त्यामुळे आरसीसीबीवरही तिथे विसंबता येत नाही. वेण्णा तलावाजवळ डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं, अशा पहाटे गाडीबाहेरच्या पेटीतली लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली गेली तर तिचं नियंत्रण चार्जिंग थांबवतं. ऊन पडलं की ते आपोआप सुरू होतं.

जोडताना आणि काढताना

गाडीचा मेन बंद ठेवूनच सुरुवात करा. केबलचं टोक आधी गाडीच्या इनलेटमध्ये, मग भिंतीत, मग भिंतीचा स्विच. त्यानंतर आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटण दाबा. तो पडला पाहिजे. न पडणारा आरसीसीबी शोभेचा आहे. मात्र या बटणाने फक्त आतली यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नाही. सगळं ठीक असेल तर एकेक एमसीबी वर घ्या, एसी शेवटी. काढताना उलट क्रम: भार बंद, भिंतीचा स्विच बंद, भिंतीतली पिन, आणि गाडीचं टोक सगळ्यात शेवटी.

पावसात केबलचा जोड जमिनीवर टेकू देऊ नका, प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तर मुळीच नाही, आत पाणी साचून राहतं. जोड झाकणाच्या पेटीत, उंचावर, आणि केबलला जोडाआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. विजा चमकू लागल्या की केबल काढून ठेवा, एमसीबी बंद करणं पुरेसं नाही.

मीटरच्या आधीचा दोष महावितरणचा आणि मीटरनंतरचा घरमालकाचा. डीपीच्या पेटीला किंवा मीटरच्या सीलला हात लावायचा अधिकार दोघांपैकी पाहुण्याला कुणीच दिलेला नाही. घराच्या वायरिंगमध्ये दोष सापडला तर मालकांना आकडे दाखवा आणि परवानाधारक वायरमन बोलवायला सांगा. सॉकेटमागची सुटलेली अर्थिंगची तार जोडायला त्याला फार वेळ लागत नाही, आणि त्याच सॉकेटवर त्या घराचा फ्रिजही चालत असतो.